चालू आहे, पण धड आहे का? जुना अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी

‘जपानी ओरिजिनल, फुल वर्किंग, आवाज एक नंबर. फक्त शौकिनांनीच फोन करावा.’

जुन्या सामानाच्या ऑनलाइन जाहिरातींत हल्ली ही भाषा रोज वाचायला मिळते. तबकड्यांचं वेड परत आलं आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे भाव चढले. कोकणात हा माल तीन वाटांनी येतो. एक, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा चोरबाजारातून ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसून. दुसरा, आखातात नोकरीला गेलेल्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात आणलेला आणि आता माळ्यावरून खाली उतरणारा. तिसरा म्हणजे मंडप-डेकोरेटरवाल्याने नवीन मशीन घेतल्यावर एखाद्या भजनी मंडळाच्या गळ्यात मारलेला.

घेणारा माणूस बहुतेक वेळा तीनच प्रश्न विचारतो: किती वॅटचा, चालू आहे का, आणि शेवटचं किती घेणार. पहिल्याचं उत्तर फुगवलेलं असतं. ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं काही लिहिलेलं असेल तर तो आकडा सरळ सोडून द्या, कारण तो कसा मोजायचा याचा कुठलाही ठरलेला नियम नाही. ‘आरएमएस’ म्हणजे सतत देता येणारे वॅट, तेवढेच धरायचे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं असतं, पण कामाचं नसतं. ‘चालू हा मा? मगे आणखी काय व्हया?’ असं विकणारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. दोन गाणी वाजतात. पण जुन्या अ‍ॅम्पचे बरेचसे आजार दोन गाण्यांत दिसत नाहीत. काही तासाभराने दिसतात, काही पावसाळ्यात, आणि काही स्पीकर जळल्यावरच कळतात.

आत चालतं काय?

मोबाइल किंवा सीडी प्लेअरमधून निघणारा सिग्नल फार तर एक-दोन व्होल्टचा असतो आणि त्यात जोर नसतो. स्पीकरचा पडदा हलवायचा तर जोर हवा. तो जोर भिंतीतल्या प्लगमधून येतो. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट खाली उतरवतो, डायोड त्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावतात, म्हणजे एसीची डीसी होते, आणि शेवटचे मोठे ट्रान्झिस्टर ही डीसी सिग्नलच्या तालावर मोजून मोजून स्पीकरला सोडतात. त्यामुळे आकार गाण्याचा असला तरी स्पीकर हलवणारी वीज पॉवर सप्लायचीच असते. हा पॉवर सप्लाय आजारी पडला की पुढचे भाग कितीही उत्तम असोत, त्यांचा उपयोग नाही.

टाकी आटते

डायोडमधून निघालेली वीज सलग नसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती सेकंदाला १०० हिसक्यांनी येते. नळाला पाणी हिसक्यांनी येत असेल तर आपण छपरावर टाकी बसवतो. टाकीत पाणी कसंही पडो, खालच्या तोटीला धार सारखी मिळते. अ‍ॅम्पमधली टाकी म्हणजे मोठ्या डब्यांसारखे दिसणारे कॅपॅसिटर. आपले जुने मेकॅनिक अजून त्यांना कंडेन्सर म्हणतात.

या डब्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद एकत्र गुंडाळलेला असतो. तोंडाशी रबराचं बूच. वर्षानुवर्षं गरम-गार होताना तो द्रव बुचातून थोडा थोडा उडत राहतो. डबा बाहेरून तेवढाच दिसतो, आतली साठवण मात्र कमी होते. मग हिसके पुढे झिरपायला लागतात आणि स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा बारीक गुंगाट ऐकू येतो. त्याची खूण सोपी आहे. आवाजाचं बटण पूर्ण शून्यावर आणा. तरीही गुंगाट तसाच राहिला, बटण फिरवून कमी-जास्त होत नसला, तर संशय कंडेन्सरवर. बटणाबरोबर वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष वायरचा किंवा मागे जोडलेल्या यंत्राचा.

किती वर्षं टिकतो हा कंडेन्सर? त्याचं उत्तर वर्षांत नाही, उष्णतेत आहे. कंडेन्सरवर ‘८५ डिग्री’ किंवा ‘१०५ डिग्री’ असं छापलेलं असतं, आणि तेवढ्या तापमानाला तो किती तास टिकेल हे कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. समजा ८५ अंशांना २००० तास. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ७५ ला ४००० तास, ६५ ला ८०००, ५५ ला १६,०००, ४५ ला ३२,०००. आता हेच घरातल्या हिशेबात बसवून बघा. रोज चार तास वाजणारा अ‍ॅम्प मोकळ्या हवेत असेल आणि आतलं तापमान ४५ च्या आसपास राहत असेल, तर साधारण २२ वर्षं. तोच अ‍ॅम्प टीव्हीच्या बंद कपाटात, डोक्यावर सेट-टॉप बॉक्स घेऊन, ५५ अंशांत शिजत असेल तर ११ वर्षं. मॉडेल एक, साल एक, आणि तब्येतीत दुपटीचा फरक. म्हणून ‘कुठल्या सालचा आहे?’ यापेक्षा ‘कुठे ठेवला होता?’ हा प्रश्न जास्त मोलाचा.

हे तास संपले की कंडेन्सर त्या दिवशी फुटतो असं नाही. तो कामाला कमी पडू लागतो, एवढंच. पण १९८० च्या आसपासचा अ‍ॅम्प मूळ कंडेन्सरांवर आजही चालत असेल, तर तो उधारीवर चालला आहे असं खुशाल समजा.

‘पण हा वापरलाच नाही, अगदी कोरा आहे!’

ही जाहिरात ऐकायला गोड वाटते आणि मला जास्त सावध करते. कंडेन्सरच्या पट्टीवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो आणि तोच वीज अडवून धरतो. वीज मिळत राहिली की हा थर टिकून राहतो. दहा-पंधरा वर्षं अ‍ॅम्प माळ्यावर पडून राहिला की थर कमजोर होतो. मग एके दिवशी हौसेने प्लग थेट भिंतीत घातला की कंडेन्सरमधून गळती होते, तो तापतो, कधी फुगतो, कधी फुटतो.

जाणता मेकॅनिक असा सेट आधी सिरीजवर लावतो. सिरीज म्हणजे वाटेत एक ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कारण कंडेन्सर भरत असतात, आणि मग मंद होतो. तो मंद झालाच नाही, तसाच फकफकीत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने अ‍ॅम्पच्या वाटची वीज स्वतः खाऊन त्याला वाचवलं आहे. ही तपासणी कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात दोन मिनिटांत होते. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

जानेवारीत गप्प, जुलैत बोलका

आतापर्यंतचं सगळं नागपूरलाही लागू पडेल. आता किनाऱ्याचं बघू.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. मालवण, देवगड, हर्णै, गुहागर, श्रीवर्धन अशा पार किनाऱ्याला लागून असलेल्या गावांत खिडकीचे गज किती लवकर गंजतात ते आपण बघतोच. तेच कण अ‍ॅम्पच्या जाळीतून आत जाऊन सर्किट बोर्डावर, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या पाटीवर बसतात. कोरड्या हवेत हे मीठ स्फटिकासारखं निपचित पडून राहतं आणि फारसा त्रास देत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात कोकणातली हवा बहुतेक काळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे जून ते सप्टेंबर बोर्डावर मिठाच्या पाण्याचा एक अदृश्य लेप असतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. जिथे जाऊ नये तिथे ती थोडी थोडी जात राहते, तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या पडतात, रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट काळवंडतात, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते, एक बाजू मधेच बंद पडते आणि थाप मारली की चालू होते.

पावसाळा सरला की परत सगळं वाळतं आणि तक्रार गायब होते. त्यामुळे जानेवारीत बघायला गेलात तर अ‍ॅम्प निरोगी दिसतो. विकणाऱ्याने काही लपवलेलं नसतं, त्यालाही तो तसाच ऐकू येत असतो. किनाऱ्यावरच्या घरातला सेट घेणार असाल तर तो जुलै-ऑगस्टमध्ये ऐका. भावही तेव्हा जरा उतरलेला मिळेल.

खरखरीवर घरगुती इलाज म्हणून काही जण बटणाच्या फटीतून गंज सोडवायचं तेल फवारतात, तर काही जण शिलाई मशीनचं. दोन दिवस बरं वाटतं. मग त्याच तेलाला धूळ चिकटते आणि आत चिखल होतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तोच वापरायचा. विकत घेताना बटण जरा जास्तच गुळगुळीत फिरलं आणि तेलाचा वास आला, तर फवारणी ताजी आहे.

झाकण उघडल्यावर

हर्णैच्या बाजूच्या एका घरातून आलेला, साधारण १९८० च्या सुमाराचा जपानी अ‍ॅम्प मेकॅनिकच्या टेबलावर उघडताना मी शेजारी बसलो होतो. बाहेरून देखणा. चंदेरी पॅनेल, जड बटणं, लाकडी कडा. वरचे चार स्क्रू काढले. त्यातल्या दोनांची डोकी आधीच घासलेली, म्हणजे आधी कुणीतरी आत जाऊन आलेलं.

झाकण निघाल्यावर पहिली दिसली ती कुंभारमाशीची मातीची घरटी, हीटसिंकच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमध्ये नीट लिंपलेली. जिथून गरम हवा वर जायची, तिथे माती. ट्रान्सफॉर्मरच्या मागे पालीची दोन फुटलेली अंडी. मोठ्या कंडेन्सरांच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला डिंक. हा डिंक बघायला शिका. त्या काळात जपानी कारखान्यांत मोठे भाग हलू नयेत म्हणून बोर्डावर एक पिवळसर चिकटवण लावत. नवं असताना ते निरुपद्रवी असतं. वय आणि उष्णतेने ते तपकिरी होतं, आणि मग त्यातून वीज झिरपते, शिवाय त्याला लागून असलेल्या भागांचे पाय ते खाऊन टाकतं. मेकॅनिकने चिमट्याने एका रेझिस्टरला नुसता धक्का दिला आणि त्याचा पाय तुटून हातात आला.

काही छोट्या ट्रान्झिस्टरांचे पाय काळे पडले होते. त्या पायांवर चांदीचा मुलामा असतो, आणि देवघरातली चांदी काळी पडते तशी तीही पडते. सगळ्यात शेवटी फ्यूज. काचेच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. म्हणजे कधीतरी फ्यूज उडत होता, तो का उडतो हे न शोधता कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं. हा अ‍ॅम्प त्या घरात ‘चालू’ होता, बरं का.

झाकण उघडायला विकणाऱ्याची परवानगी मागा, आणि मेकॅनिक सोबत असेल तरच उघडा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या दिव्यांच्या, जुन्या सेटमध्ये तर ३०० ते ४०० व्होल्ट असतात. तिथे हौसेने बोट घालू नये.

आणखी एक गोष्ट रायगड-रत्नागिरीकडच्या मालाबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच सुमाराला सावित्रीच्या पुराने महाड बुडालं. पुरात भिजलेलं इलेक्ट्रॉनिक सामान धुऊन, वाळवून नंतर विकलं जातं. पॅनेल पुसता येतं, पण ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये आणि स्क्रूच्या आट्यांमध्ये अडकलेला बारीक गाळ निघत नाही. आतल्या पत्र्यावर एकाच उंचीपर्यंत गंज चढला असेल, कागदी लेबल फुगून सुकलेलं असेल, तर तो सेट फुकटसुद्धा घेऊ नका.

अ‍ॅम्प गेला तर गेला, स्पीकर का जातो?

जुन्या अ‍ॅम्पचा हा सगळ्यात महाग धोका, आणि याबद्दल बोलतं कोण? स्पीकरला मागे-पुढे डोलणारी वीज हवी असते. अ‍ॅम्पमधला शेवटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की आतली डीसी सरळ स्पीकरवर येते. पडदा एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकतो आणि कॉइल तापत जाते. आत ४० व्होल्टची डीसी असेल आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर हिशेब २०० वॅटचा. आवाज काहीच नाही, सगळी उष्णता, आणि तीही केसासारख्या तारेच्या कॉइलमध्ये. काही सेकंदांत जळका वास येतो.

चांगल्या अ‍ॅम्पमध्ये यासाठी रिले असतो. स्विच लावल्यावर काही सेकंदांनी ‘टिक’ असा आवाज येतो तो त्याचाच. आतली तपासणी बरी निघाली तरच तो स्पीकर जोडतो. पण चाळीस वर्षं जुना रिले स्वतःच म्हातारा असतो. कॉन्टॅक्ट काळे पडल्यामुळे एक बाजू बंद पडत असेल, तर काही मेकॅनिक रिले बदलण्याऐवजी मधून तार टाकून देतात. दोन्ही बाजू छान वाजू लागतात, गिऱ्हाईक खूश, आणि राखणदार गेलेला.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर काढून ठेवा, आवाज शून्यावर, अ‍ॅम्प चालू करून पाच मिनिटं थांबा, आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. आकडा व्होल्टमध्ये गेला तर तिथे चहा घ्या आणि घरी या. दोन्ही बाजू मोजायच्या. आणि तासभर वाजवल्यावर पुन्हा मोजायचं, कारण गरम झाल्यावर आकडा सरकतो.

‘बिघडला तर पार्ट टाकू की!’

कंडेन्सर, रेझिस्टर, डायोड, रिले नवे मिळतात आणि चांगले मिळतात. अडतं ते शेवटच्या ट्रान्झिस्टरांवर आणि ‘एसटीके’ नावाच्या जाड, काळ्या पट्टीसारख्या आयसीवर. सान्योच्या या एसटीके आयसी ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या असंख्य अ‍ॅम्पमध्ये होत्या, आता त्या बनत नाहीत. बाजारात मिळतात त्यांतल्या पुष्कळशा नकली असतात. ट्रान्झिस्टरचंही तेच. तोशिबाच्या ‘सी ५२००’ आणि ‘ए १९४३’ या जोडीच्या नकला इतक्या झाल्या आहेत की छाप बघून खरा-खोटा ओळखणं अवघड. नकलीच्या आत सिलिकॉनचा तुकडा लहान असतो. हळू आवाजात तो वाजतो, जोर आला की जातो, आणि जाताना वर सांगितल्याप्रमाणे स्पीकरला घेऊन जातो. त्यामुळे ‘नुकतीच आयसी नवीन टाकली आहे’ हे वाक्य ऐकलं की आनंद व्हायला नको.

नावावरही विसंबू नका. सान्सुईची मूळ जपानी कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. भारतात त्या नावाचे टीव्ही व्हिडिओकॉन विकत असे, पण त्या टीव्हीचा आणि तुमच्या १९७८ च्या अ‍ॅम्पच्या सुट्या भागांचा काही संबंध नाही.

१००, १२०, १२७, २२०

जपानमधली घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२०. सौदीत बरीच वर्षं १२७ व्होल्ट होते, कुवेत-दुबईकडे मात्र आपल्यासारखेच २२० ते २४०. म्हणून ‘मामांनी गल्फमधून आणला’ एवढ्यावर भागत नाही, मामा कुठे होते ते विचारावं लागतं. परदेशी विक्रीसाठी बनवलेल्या बऱ्याच सेटच्या पाठीमागे व्होल्टेजची निवड करणारी खाच असते, नाणं किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवायची. प्लग लावण्यापूर्वी ती बघा. पाठीवर नुसतंच ‘१०० व्होल्ट’ छापलेलं असेल तर तो जपानच्या घरगुती बाजारातला सेट. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा लागणार, तोही भावात धरा. असा सेट थेट २३० वर लावला तर ट्रान्सफॉर्मर बेसुमार करंट ओढतो, आणि फ्यूज खरा असेल तरच थोडक्यात निभावतं.

‘स्टॅबिलायझर लावला की झालं ना?’ काही अंशी. डीपी, म्हणजे वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर, जवळ असेल तर रात्री उशिरा, लोड उतरल्यावर, व्होल्टेज २५० पर्यंत चढलेलं दिसतं. २२० साठी बनवलेल्या सेटवर २५० आले की आतली डीसी जवळपास १४ टक्क्यांनी वाढते, आणि काठावर चाललेला जुना कंडेन्सर त्यात जातो. तिथे स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. ओल, मीठ आणि म्हातारपण यांच्यावर मात्र त्याचा काही इलाज नाही.

माईक मारतो तेव्हा

देवळात भजनाला बुवा माईक धरतात आणि झटका बसतो. सगळे हसतात, कुणीतरी माईकला रुमाल गुंडाळतं, भजन पुढे चालू. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. माईकची धातूची जाळी वायरमधून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेली असते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरचं इन्सुलेशन ओलीने कमजोर झालं, किंवा आत येणाऱ्या वायरचं रबर तडकून तार पत्र्याला टेकली, की तो पत्रा आणि पर्यायाने माईक जिवंत होतो. अनवाणी पाय, धुतलेली लादी आणि हातात माईक.

अशा वेळी वीज माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असतं. पण जुन्या सेटना दोनच पिनांचा प्लग असतो, तिथे अर्थिंगचा प्रश्नच येत नाही. तीन पिनांचा असला तरी जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत राहणं हे आपल्याकडे शास्त्रच आहे.

टेस्टर पत्र्याला लावून तो पेटला तर घाबरून जाऊ नका, कारण टेस्टर अगदी किरकोळ गळतीलाही पेटतो. पण दोन पिनांचा प्लग उलटसुलट करून दोन्ही वेळा तो ठळक पेटत असेल, किंवा हाताला झिणझिण्या येत असतील, तर सेट वाजवू नका. मोटर वाइंडिंगच्या दुकानात मेगर असतो, ५०० व्होल्ट लावून इन्सुलेशन मोजतात. तिथे न्या. आणि देवळाच्या किंवा घराच्या बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबी बसवून घ्या. वीज भलत्या वाटेने जायला लागली की ती स्वतःहून लाइन तोडते. जुना अ‍ॅम्प घेण्याच्या खर्चात हा खर्च मी पहिला धरतो.

‘जुन्याची सर नव्याला नाही’

अर्धं खरं आहे. त्या काळच्या चांगल्या अ‍ॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर दणकट असायचा, हीटसिंक मोठा असायचा, आणि भाग इतके सुटे-सुटे की साधा मेकॅनिकही दुरुस्त करू शकतो. १९७८ मध्ये आलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प कागदावर नुसता २० वॅटचा, आणि आजही लोक तो शोधत फिरतात. पण ज्या आवाजाची आठवण आपण काढतो तो ताज्या कंडेन्सरांचा आवाज होता. आटलेल्या कंडेन्सरांतून येणारा मऊ, बेस कमी झालेला आवाज ‘व्हिंटेज’ म्हणून विकला जातो, तेव्हा मला विकणाऱ्याचं कौतुक वाटतं.

उलट बाजूने, हल्लीचे क्लास-डी पद्धतीचे छोटे अ‍ॅम्प घेतलेल्या विजेतली सुमारे ९० टक्के स्पीकरला देतात, म्हणून तापत कमी आणि कपाटात जगतात. मध्यम आकाराच्या खोलीत त्यांचा आवाज वाईट नसतो. बिघडले की मात्र ते फेकायचेच, दुरुस्ती नाही. मीठ त्यांनाही सोडत नाही. स्पीकर साधे असतील आणि हौस फक्त गाणी ऐकण्याची असेल, तर मी नवाच घ्या म्हणेन. उघडून, साफ करून, दुरुस्त करण्यातही मजा वाटत असेल तर जुना घ्या.

घ्यायचाच ठरलं तर

भाव करण्याआधी मेकॅनिककडे जा आणि विचारा: मोठे-छोटे सगळे कंडेन्सर, रिले, पाठीमागचे सॉकेट आणि मेन वायर बदलून, तपकिरी डिंक खरवडून, बोर्ड धुऊन द्यायचे किती घेशील? तो आकडा विकणाऱ्याच्या भावात मिळवा. ही बेरीज जुन्या अ‍ॅम्पची खरी किंमत. ती ऐकून हौस टिकली तर पुढे चला.

बघायला जाताना मल्टिमीटर, एक वायर आणि घरातला सगळ्यात टाकाऊ स्पीकर घेऊन जा. चांगला स्पीकर पहिल्या दिवशी लावायचा नाही. सेट आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलेला असेल तर बंद करायला सांगा आणि थंड होईपर्यंत गप्पा मारा. काही दोष थंड असतानाच बोलतात. मग चालू करा, रिलेची टिक ऐका, डीसी मोजा, स्पीकर लावा. प्रत्येक बटण, प्रत्येक स्विच सावकाश पूर्ण फिरवा. स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने झाकणावर हलकेच टकटक करा. आवाज खाल्ला गेला तर कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला डाख, आहे. तासभर वाजू द्या आणि हीटसिंकला हात लावा. दोन्ही बाजू सारख्या कोमट हव्यात. काही न वाजवताच एक बाजू चटका देत असेल, तर त्या बाजूच्या ट्रान्झिस्टरांना विनाकारण जास्त करंट मिळतो आहे, आणि ते फार दिवस काढणार नाहीत.

पहिला पावसाळा

घरी आणल्यावर ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा आणि वर काही ठेवू नका. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची आपली सवय इथे उलटी पडते, कारण आतली ओल आतच कोंडते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा तासभर वाजवा. स्वतःच्या उष्णतेने तो स्वतःला वाळवतो, कंडेन्सरांनाही वीज मिळते. मे-जूनच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांच्या वेळी प्लग नुसता बंद न करता भिंतीतून काढा, केबलची वायर जोडलेली असेल तर तीही. कुंभारमाशी घर करू नये म्हणून पाठीवर बारीक जाळीचं कापड सैल सोडलं तरी पुरतं, फक्त हवा अडता कामा नये.

आणि बटणांची खरखर, रिलेची सफाई, डीसीची मोजणी हे सगळं आषाढात किंवा श्रावणाच्या सुरुवातीला करून घ्या. दोष तेव्हा उघडे पडलेले असतात आणि मेकॅनिक मोकळा असतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो कुणाचाच फोन उचलत नाही.